वजन उतरलं, आता कपड्यांचं काय?

बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर वजन साधारण १२ ते १८ महिने उतरत राहतं. तोवर महागडी खरेदी नको. नाडीच्या सलवारी, परकर आणि साड्या प्रत्येक मापाला साथ देतात. पैसे आधी अंतर्वस्त्रांवर घाला. ढगळ ब्रावर कोणताही कुर्ता नीट बसत नाही.

ब्लाउज फेकू नका. बाजूच्या शिवणी आत घेऊन टीप मारली की तो पुन्हा अंगाला नीट बसतो. वाढलेली माया कापू देऊ नका. वजन थोडं परतलं तर शिवण उसवता येते. मात्र खांदा उतरत असेल, तर बाही काढून मुंढा नव्याने कापावा लागतो. ते काम कुशल शिंप्याचंच. जुन्या सुती ब्लाउजसाठी एवढी मजुरी मोजू नये, हे माझं स्पष्ट मत. जीन्स कमरेत दोन इंचांपर्यंत चांगली आवळता येते. त्याहून जास्त घेतली, तर मागचे खिसे एकमेकांना भिडतात.

रोजच्या टॉप-कुर्त्यांसाठी मुंबईत आझाद मैदानालगतची फॅशन स्ट्रीट किंवा पुण्यात तुळशीबाग गाठा. तिथे कपडे घालून बघायची सोय क्वचितच असते, म्हणून टेप सोबत न्या आणि छाती, कंबर, खांदा आदल्या दिवशीच मोजून ठेवा.