बेटावरील सप्ताह आणि वखारीतील मोटारसायकल

जुनी वस्तू सहसा टाकून द्यावयाची नाही, हा व्यापाऱ्याच्या घरचा परंपरागत रिवाज आहे. आजोबांच्या हातचे चोपडे लाल फडक्यात बांधून माळ्यावर जपून ठेवलेले असतात. पितळी मापे व जुना तराजू दिवाळीच्या पूजेस तरी बाहेर निघतात. परंतु ज्या मोटारसायकलीवर बसून त्याच आजोबांनी गावोगावची वसुली केली, मालाचे नमुने पोहोचविले आणि पावसापाण्यात पेढी सांभाळली, ती बंद पडली की वखारीच्या कोपऱ्यात जाते. वाडीसारख्या जुन्या वस्तीत जागेची चणचण असल्याने चार पावसाळ्यांनंतर एखाद्या सकाळी ती भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. लोखंड जोखले जाते, पैसे हातात पडतात, आणि व्यवहार संपतो. हा व्यवहार हिशेबाने बरोबर आहे काय, असा प्रश्न आम्ही या लेखात सभासद बंधुभगिनींपुढे ठेवू इच्छितो. त्यासाठी प्रथम त्यांना एका दूरच्या बेटाची ओळख करून देतो.

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ५७२ चौरस किलोमीटर आणि वस्ती चौऱ्याऐंशी हजारांच्या आसपास. एवढ्या लहान मुलखास स्वतःचे विधिमंडळ आहे, त्याचे नाव टिनवाल्ड. बेटाच्या ध्वजावर तीन पाय एकत्र जोडलेले दाखविले असून, कसेही फेकले तरी उभेच राहील, अशा अर्थाचे ब्रीद त्या चिन्हाशी जोडलेले आहे. दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्यांना याहून योग्य ब्रीद कोणते मिळणार!

या बेटाचे आणि मोटारसायकलीचे नाते एका कायद्यामुळे जडले. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये वाहनांना ताशी २० मैलांची मर्यादा होती आणि शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ते बंद करण्यास तेथील पार्लमेंट तयार नव्हते. टिनवाल्डने १९०४ साली तशी परवानगी देणारा कायदा केला. २८ मे १९०७ रोजी तेथे मोटारसायकलींची पहिली ‘टूरिस्ट ट्रॉफी’ शर्यत झाली. पंचवीस स्वार निघाले. एक सिलिंडरच्या गटात चार्ली कॉलिअर हा मॅचलेस गाडीवर, तर दोन सिलिंडरच्या गटात रेम फाउलर हा नॉर्टन गाडीवर विजयी झाला. कॉलिअरचा सरासरी वेग ताशी सुमारे ३८ मैल होता. आज आपल्या शहरातील एखादा तरुण महाविद्यालयात जाताना यापेक्षा अधिक वेगाने जातो, ही गोष्ट निराळी.

१९११ पासून ही शर्यत डोंगरावरच्या सुमारे ६० किलोमीटरच्या मार्गावर होऊ लागली. तेथे चढाव आला तसे अनेक गाड्यांचे खरे रूप उघडे पडले. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत इंजिनाची शक्ती चामडी पट्ट्याने चाकाला पोहोचविली जाई. पट्टा ओला झाला की घसरे, आणि चढावर दम तोडी. अमेरिकेतील ‘इंडियन’ कंपनीच्या गाड्यांना मात्र साखळी आणि दोन गतींचा गिअर होता. त्या वर्षीच्या मुख्य शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक त्यांनीच पटकावले. कंपनीचे नाव ‘इंडियन’ असले तरी त्याचा आपल्या देशाशी संबंध नाही, ते अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवरून आले आहे. व्यापाऱ्याने घ्यावयाचा बोध एवढाच की, सपाटीवर चालणारा माल चढावर चालेलच असे नाही.

शर्यतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक स्वारांनी प्राण गमावले आहेत. आम्हांस गौरवाने सांगावयाचे आहे ते या वेगाविषयी नाही. त्याच बेटावर जुन्या मोटारसायकलींचा आठवडाभराचा जो मेळा भरत आला आहे, त्याविषयी आहे.

१९४६ साली, महायुद्ध नुकतेच संपले असता, टिच ॲलन नावाच्या गृहस्थाच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये ‘व्हिंटेज मोटर सायकल क्लब’ स्थापन झाला. जुन्या गाड्या मोडीत जात होत्या आणि त्यांची दुरुस्ती जाणणारे म्हातारे होत होते. त्या दोन्ही गोष्टी वाचवाव्यात, हा संस्थेचा हेतू. १९१४ पर्यंतच्या गाड्यांस ‘व्हेटरन’ आणि तेथून १९३० पर्यंतच्या गाड्यांस ‘व्हिंटेज’ म्हणावे, अशी वर्गवारीही रूढ झाली. ऑगस्टच्या अखेरीस ‘मँक्स ग्रां प्री’च्या सुमारास या मंडळींची आंतरराष्ट्रीय रॅली बेटावर भरत आली आहे.

रॅलीत कोण प्रथम पोहोचला यास महत्त्व नसते. ठरलेल्या मार्गाने, ठरलेल्या बेताच्या गतीने, गाडी कोठेही न अडता परत आणणे, हेच कौशल्य. वाचणाऱ्यास हे सोपे वाटेल, परंतु फार जुन्या गाडीचे तंत्र समजून घेतले म्हणजे त्यातील कष्ट कळतात. तेल इंजिनात आपोआप फिरत नाही, स्वाराने ठराविक अंतराने हातपंप दाबून ते सोडावयाचे. कमी झाले तर पिस्टन जाम, अधिक झाले तर मागे निळा धूर. ठिणगीची वेळ हँडलवरच्या कांडीने मागेपुढे करावयाची. दिवा कार्बाइडचा. अशी गाडी चालविणारा मनुष्य सतत यंत्राचा आवाज ऐकत असतो, जसा जुना मुनीम नाण्याचा खणखणाट ऐकून खरेखोटे सांगे.

या लोकांचा भाविकपणाही गोड आहे. डग्लस या राजधानीच्या दक्षिणेस ‘परीचा पूल’ आहे. त्यावरून जाताना पऱ्यांना नमस्कार केला नाही तर अपशकुन होतो, अशी समजूत आहे, आणि पट्टीचे शर्यतपटूही तो नमस्कार चुकवीत नाहीत. आपल्याकडे नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधतात, त्यास हसणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

आता व्यवहाराकडे वळू. बेटावर गाडी न्यावयाची म्हणजे बोटीनेच. १८३० साली स्थापन झालेली तेथील स्टीम पॅकेट कंपनी ही वाहतूक आजही करते. शर्यतींच्या काळात हॉटेले पुरत नाहीत, तेव्हा सामान्य कुटुंबे आपल्या घरातील खोल्या पाहुण्यांस देतात. खानावळी, पेट्रोलपंप, यांत्रिक कारखाने यांना काम मिळते. शिवाय अशा मेळ्यांत जुन्या सुट्या भागांचा बाजार मांडला जातो. लुकासचा मॅग्नेटो, अमलचा कार्बुरेटर, स्मिथचा वेगदर्शक, ही आपल्याकडे डब्यात गंजत पडणारी वस्तू तेथे कापडावर मांडून विकली जाते. तिची किंमत वजनावर ठरत नाही, ती दुर्मिळतेवर आणि अस्सलपणावर ठरते. भंगार आणि वारसा यांतील सारे अंतर या एका वाक्यात आले.

आपल्या देशाजवळ असा वारसा थोडा नाही. १९५५ साली मद्रासेस एन्फिल्ड इंडियाने बुलेट जोडण्यास आरंभ केला. १९७० मध्ये इंग्लंडमधील उत्पादन बंद पडले, पण मद्रासचे चालू राहिले आणि १९७७ पासून बुलेट उलट इंग्लंडलाच निर्यात होऊ लागली. मुंबईच्या रुस्तम व फारुख इराणी यांच्या उद्योगातून मैसूर येथे १९६१ साली मूळच्या झेकोस्लोव्हाकियातील जावा गाडीचे उत्पादन सुरू झाले. पुढे तिचेच नाव येझदी पडले. १९९६ मध्ये कारखाना बंद झाला, तरी एकाच दांड्याने किक आणि गिअर ही दोन्ही कामे करणारी ती गाडी लोकांच्या मनातून गेली नाही. जावाचे नाव २०१८ मध्ये आणि येझदीचे २०२२ मध्ये बाजारात परत आले. पोलंडच्या नमुन्यावर एस्कॉर्ट्सने काढलेली राजदूत तर दूधवाल्यापासून दलालापर्यंत सर्वांची सोबतीण होती.

आणि वडोदरे? महाराजा सयाजीरावांच्या कारकिर्दीत, १८९० साली, येथे कलाभवन स्थापन झाले आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य झाले. हाताने काम करणाऱ्यास शास्त्र शिकविणारी ही संस्था होती. दादासाहेब फाळके यांनीही तेथे शिक्षण घेतले. त्याच वर्षी पूर्ण झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जानेवारी २०२३ मध्ये ‘ट्वेंटीवन गन सॅल्यूट’ हे जुन्या वाहनांचे मोठे प्रदर्शन भरले, आणि संस्थानी मोटारींच्या बरोबरीने मोटारसायकलीही मांडल्या गेल्या. राजघराण्याची रोल्स रॉइस जपण्यास नोकरचाकर असतात. व्यापाऱ्याची जावा जपण्यास मात्र घरचेच माणूस पाहिजे.

कायद्यानेही आता यास वाट दिली आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम जाहीर केले. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीस २०,००० रुपये व पुनर्नोंदणीस ५,००० रुपये शुल्क असून नोंदणी दहा वर्षे चालते. अशी गाडी रोजच्या वा धंद्याच्या कामास वापरावयाची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणे एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणावयाची. मैसूरच्या बहुतेक जावा आज वयाने या नियमात बसतात. शुल्क थोडे नाही, हे आम्ही जाणतो. परंतु एकदा वितळलेले यंत्र कितीही शुल्क भरून परत मिळत नाही.

म्हणून सभासदांस आमची तीन प्रकारची विनंती आहे. पहिली, वखारीतील गाडी विकण्यापूर्वी तिचे नोंदणीपुस्तक शोधावे आणि इंजिन व सांगाडा यांवरील क्रमांक त्याच्याशी ताडून पाहावेत. कागदाशिवाय गाडी म्हणजे सहीशिवाय हुंडी. दुसरी, हौसेच्या भरात मूळ भाग काढून चकचकीत नवे बसवू नयेत. जुना रंग फिका असला तरी तो साक्षीदार असतो. तिसरी आणि सर्वांत तातडीची, ज्या वृद्ध मिस्त्रींच्या हातून या गाड्या एके काळी चालत्या झाल्या, त्यांच्याकडे आपल्या घरातील एखादा मुलगा वा मुलगी चार रविवार पाठवावी. सुटा भाग पैसे टाकून परदेशातूनही आणता येतो. पॉइंटचे अंतर नुसत्या डोळ्याने ओळखणारी नजर मात्र कोणत्याही बाजारात मिळत नाही, आणि ती नजर दरवर्षी कमी होत आहे.

आइल ऑफ मॅनच्या रहिवाशांजवळ सोन्याच्या खाणी नव्हत्या. त्यांनी जुने लोखंड जपले, त्याची माहिती जपली, आणि जगाने त्यांच्या दारी यावे असे काही उभे केले. आपल्या वखारीत काय पडले आहे, याची एक यादी येत्या पाडव्याच्या आत प्रत्येक घराने करावी. भंगारवाला त्यानंतरही येईलच. त्यास यादी करून झाल्यावरच उत्तर द्यावे.