भातशेतांतील अन्नाचें जाळें आणि सूर्यशक्तीचा जमाखर्च

मृगाचा पाऊस पडून वसई-विरारच्या सखल शेतांत पाणी सांचलें, कीं पहिल्याच रात्रीं बेडकांचा गजर सुरू होतो. तो ऐकून शेतकरी भाताच्या रोपांचा विचार करूं लागतो. परंतु हा ओरडणारा प्राणी आपल्या जमाखर्चांत कोणत्या बाजूस मांडावा, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. तो जमाखर्च आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहोंत.

शेतांतील सर्व जिवांचें मूळ भांडवल एकच, तें म्हणजे सूर्याची शक्ति. हिरवें पान या शक्तीच्या योगानें हवेंतील कार्बनवायु व मुळांनीं ओढलेलें पाणी यांपासून साखर तयार करितें, व तिच्यापासून पुढें पेंढा आणि दाणा होतो. पडणाऱ्या उन्हापैकीं शेंकडा 1 च्या आसपास एवढाच भाग पिकांत सांठतो. त्यावर खोडकिडा, तुडतुडे व उंदीर जगतात. किड्यांवर बेडूक, कोळी व चतुर. बेडकांवर दिवड व बगळे. आणि उंदरांवर धामण व घुबड. चार्लस एल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें 1927 सालच्या आपल्या ग्रंथांत या अन्नसाखळीचें विवरण केलें. एकाच प्राण्याचीं भक्ष्यें व भक्षक अनेक असल्यामुळें तिला साखळी म्हणण्यापेक्षां जाळें म्हणणेंच अधिक योग्य.

या जाळ्यांत शक्ति एका पायरीवरून दुसरीवर जातांना बहुतेक खर्ची पडते. किडा जें खातो त्यांतील कांहीं भाग विष्ठेवाटे जातो, कांहीं हालचालींत व श्वासोच्छ्वासांत खपून उष्णतेच्या रूपानें उडून जातो. अंगीं लागेल तेवढाच बेडकाच्या वांट्यास येतो. अमेरिकेंतील रेमंड लिंडमन यानें एका तळ्यांत हा हिशेब मांडला. त्याचा निबंध 1942 सालीं प्रसिद्ध झाला. स्थूलमानानें दर पायरीस एक दशांश भाग पुढें जातो असें धरतात, जरी प्रत्यक्षांत हें प्रमाण बरेंच कमीजास्त होतें. म्हणजे उदाहरणादाखल, किड्यांनीं 1,000 किलो पाला खाल्ला तर किडे 100 किलो, त्यांवर बेडूक 10 किलो, व बेडकांवर साप अवघा 1 किलो!

यावरून पहिला बोध असा, कीं वरच्या पायरीचे रक्षक संख्येनें नेहमीं थोडेच असावयाचे. अशुभ म्हणून एक घुबड मारलें, किंवा गाईचें दूध पिते या खोट्या समजुतीनें एक धामण मारली, तर ती जागा लवकर भरून येत नाहीं; उंदीर मात्र त्याच हंगामांत दुणावतात. फवारणीचेंही तसेंच आहे. औषधानें कीड व तिचे शत्रू दोन्ही मरतात. कीड कांहीं आठवड्यांत पुन्हा उभी राहते, बेडकास पुढील पावसाळ्याची वाट पाहावी लागते. शिवाय न विरणारें विष शक्तीच्या उलट चालतें, आणि वरच्या पायरीवर अधिकाधिक दाट होतें. याच दोषामुळें डी.डी.टी. चा शेतीतील वापर आपल्या देशांत 1989 सालीं बंद करण्यांत आला.

बेडकांच्या बाबतींत तर आपण ठेंच खाल्लेली आहे. त्यांच्या तंगड्या परदेशीं पाठविण्याचा एके काळीं मोठा व्यापार होता, आणि त्यासाठीं ओल्या शेतांतून बेडूक पकडले जात. हुमायून अब्दुलअली यांनीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत 1985 सालीं या व्यापारावर लेख लिहिला. 1987 सालीं केंद्र सरकारनें ही निर्यात बंद केली.

दुसरा बोध खताचा. शक्ति एकदां उडाली कीं परत येत नाहीं. क्षार मात्र फिरून जमिनींत येतात. राब भाजल्यानें तण मरतें व राखेचे क्षार रोपांस मिळतात हें खरें. पण पाल्यांतील शक्ति धुरावाटे जाऊन गांडुळें व सूक्ष्म जंतु उपाशी राहतात. तोच पाला कुजविला, तर दोन्ही लाभ जमिनींत राहतात. खाडीकांठचें तिवराचें पान हेंच काम करितें. तें चिखलांत कुजतें, त्यावर जंतु, जंतूंवर कोळंबी व चिंबोरी, आणि पुढें मासे पोसतात. मुंबई उच्च न्यायालयानें 2018 सालीं तिवरांची तोड राज्यभर मना केली, ती याच दृष्टीनें आम्हांस हिताची वाटते.

वसई-विरार महानगरपालिका 2009 सालीं स्थापन झाली. आज कित्येक भातशेतांच्या भोंवतीं भराव व इमारती आहेत. पूर्वीं एका शेतांतील बेडूक मेले, तर शेजारच्या शेतांतून दुसरे येत. आतां शेजारीं शेतच नसेल, तर ते येणार कोठून? म्हणून आमची सूचना एवढीच, कीं कीड खरोखर नुकसानीच्या पायरीस पोंचल्याखेरीज औषध मारूं नये, बांधावरचें जुनें झाड व पाणथळ कोपरा तसाच राखावा, आणि धामणीस जाऊं द्यावें. हे रक्षक पगार मागत नाहींत. परंतु एकदां गेले, तर पैसे देऊनही मिळावयाचे नाहींत.