एक अभंग, दोन तास: कीर्तनाकडून शिकलेलं प्रेझेंटेशन

भोकरदनहून बोलतोय. आजचा विषय आहे चार लोकांसमोर उभं राहून आपल्या धंद्याबद्दल बोलणं. हेडफोन लावा, सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

आमच्या तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. भाव पडला की हिरवी मिरची तोडायची मजुरीसुद्धा निघत नाही. म्हणून मी आणि वहिनीने ठरवलं, मिरची वाळवून, कांडून, पावडर पॅक करून विकायची. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान मिळत होतं. पण ते कर्जाशी जोडलेलं होतं. म्हणजे आधी बँकेला पटवायचं.

मला दहा मिनिटं दिली होती. मी बावीस स्लाइड नेल्या. पहिल्या सहा स्लाइड मिरचीचा इतिहास, जीवनसत्त्वं आणि देशातली निर्यात यातच गेल्या. स्क्रीनकडे तोंड करून वाचत होतो. घसा कोरडा, हातातला कागद थरथरतोय. साहेबांनी मध्येच विचारलं, "ते ठीक आहे दादा, पण तुम्हाला नेमकं पाहिजे काय?"

आणि मला रक्कम आठवेना. माझ्याच प्रकल्पाची! वहिनी शेजारी बसली होती, तिने हळूच आकडा सांगितला. परत येताना एसटीत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

त्याच आठवड्यात शेजारच्या गावात सप्ताह होता. रात्री नऊ ते अकरा कीर्तन. आजवर शेकडो कीर्तनं ऐकली असतील, पण त्या रात्री पहिल्यांदा मी महाराज बोलतात कसं ते बघितलं. स्लाइड नाही, कागद नाही, समोर दिवसभर रानात राबून आलेली माणसं. तरी दोन तास कुणी उठत नाही. का?

पहिली गोष्ट: अभंग एकच. वारकरी कीर्तनात सेवेला एक अभंग घेतात. दोन तास त्याचंच निरूपण. दृष्टांत कुठलेही येऊ देत, महाराज फिरून त्याच चरणावर येतात. घरी जाताना म्हातारीलाही विचारा, आज कोणता अभंग होता? सांगेल. माझ्या बावीस स्लाइडचा अभंग कोणता होता? मलाच माहीत नव्हतं. म्हणून आता स्लाइड बनवायच्या आधी एक वाक्य लिहितो: "कांडप यंत्र आणि सोलर ड्रायरसाठी आम्हाला इतकं कर्ज हवं, आणि ते असं फेडू." जी गोष्ट या वाक्याला धरून नाही, ती बाहेर.

दुसरी: आधी तत्त्व, मग गोष्ट. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतो. पूर्वरंगात विषय मांडायचा, उत्तररंगात आख्यान लावून तो पटवायचा. धंद्यातही तसंच. "मूल्यवर्धन होईल" हा झाला पूर्वरंग. नुसता तोच ऐकून कुणी पैसे देत नाही. "मागच्या हंगामात आमची वीस क्विंटल मिरची बांधावर पडून सडली, ती वाळवली असती तर..." हे आख्यान. ते आपलंच पाहिजे, नेटवरून उचललेलं नको.

तिसरी: थांबणं. महाराज दमले की टाळकरी चाल उचलतात. तेवढ्यात महाराजांना श्वास मिळतो आणि ऐकणाऱ्याला विचार करायला वेळ. आपल्यामागे टाळकरी नाहीत, म्हणून आपणच थांबायचं. आकडा सांगितला की मनात दोन मोजा, मग पुढे. भीती वाटते तेव्हा शरीरात ॲड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, श्वास वर वर चालतो आणि जीभ पळायला लागते. बोलायच्या आधी मिनिटभर श्वास सावकाश घ्या आणि घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा. भीती जात नाही, पण आवाज ताब्यात येतो.

चौथी: विचारणं. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना साध्या भाषेत प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. आपण साहेबांची परीक्षा घ्यायची नाही, पण "ड्रायरचा हिशोब आधी दाखवू की विक्रीचा?" एवढं विचारलं तरी समोरचा माणूस बोलण्यात सामील होतो.

आता सरावाचं बघू. टोस्टमास्टर्स ही वक्तृत्वाची संस्था १९२४ साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्या सभेत एका माणसाचं कामच असतं, बोलणाऱ्याचे "अं... आ..." मोजायचे. भोकरदनला तसा क्लब नसला म्हणून काय झालं, खिशात मोबाइल आहे की! मी रेकॉर्डर लावून पाच मिनिटं बोललो आणि ऐकलं. "म्हणजे" एकतीस वेळा, "बेसिकली" चौदा वेळा. लाज वाटली. चौथ्या दिवशी "म्हणजे" नऊवर आलं. मग वहिनीसमोर बोललो. ती म्हणाली, "भाऊजी, घरी बोलता तसं बोला की." ते सगळ्यात कामाचं निघालं. मी पुस्तकी मराठीत इंग्रजी घुसडून बोलत होतो, आपल्या बोलीची लाज वाटत होती म्हणून. बोली अडवत नाही मित्रांनो, गोंधळ अडवतो.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पाच स्लाइड होत्या. पहिल्याच वाक्यात रक्कम सांगितली. परतफेडीचा भाग वहिनीने मांडला, कारण हिशोब तिच्याकडे असतो. हात तेव्हाही थरथरले, म्हणून कागद टेबलावरच ठेवला. एका प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. सरळ म्हटलं, "साहेब, हे आत्ता सांगता येणार नाही, सोमवारी आणून देतो." आणि सोमवारी दिलं.

कर्ज मागितलं त्यापेक्षा कमी मंजूर झालं. कांडप यंत्र आलं, ड्रायर पुढच्या वर्षी बघू. चांगलं बोललं म्हणून कच्चा हिशोब पक्का होत नाही, हेही खरंय. पण पक्का हिशोब नीट सांगता आला नाही, तर तो फाइलमध्येच राहतो.

आजचं काम: तुमच्या धंद्याचा किंवा नोकरीतल्या कामाचा "अभंग" एका वाक्यात लिहा, दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि घरातल्या एका माणसाला ऐकवा. मग विचारा, "मी काय मागितलं?" त्याला सांगता आलं, तर तुम्ही तयार आहात.

भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी!