ग्रहांचा कारभार, हेर आणि तिसरा माग

संगणकावरील राज्यकारभाराचे खेळ म्हणजे पोरांनी केलेला वेळेचा नास, असे आपल्या परळ-लालबागेत पुष्कळ वडीलधारे समजतात. परंतु असा एखादा खेळ नीट उलगडून पाहिला, तर सत्ताधारी कष्टकऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे त्यात स्वच्छ दिसते. १९९३ साली अमेरिकेत निघालेला ‘मास्टर ऑफ ओरायन’ हा त्या जातीचा नावाजलेला खेळ. उदाहरणासाठी तोच घेऊ.

खेळणारा हा एका राज्याचा अधिपती, आणि निरनिराळे ग्रह या त्याच्या वसाहती. प्रत्येक ग्रहाचे उत्पन्न पाच खात्यांत वाटायचे: जहाजे, संरक्षण, कारखाने, पर्यावरण आणि संशोधन. एकाचा वाटा वाढविला की दुसऱ्याचा घटलाच. कारखान्यांची घाण काढण्यावर खर्च केला नाही, तर ग्रहावर माणसे कमी मावतात. आरंभी लोकसंख्येचा एक घटक दोन कारखाने चालवितो. यंत्रविद्येत नवा शोध लागला की तोच घटक तीन चालवितो, मग चार, असे सातापर्यंत.

हेरांसाठी वेगळा पैसा काढावा लागतो. हेर परराज्यातील शोध चोरतात आणि कधी त्याचा आळ तिसऱ्यावर ढकलतात. कारखाने उडवितात, किंवा वसाहतीत बंड पेटवितात. उलट बाजूने, आपल्या घरातील हेर पकडण्यासाठीही खर्च असतोच.

आता गिरणगावाकडे या. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत दोन मागांवरील विणकराला तीन माग देण्याची योजना मालकांनी पुढे आणली. कागदावर तो आकड्याचा बदल होता. विणकराला मात्र त्यात वाढलेले कष्ट आणि शेजाऱ्याची गेलेली नोकरी दिसत होती. एप्रिल ते ऑक्टोबर सुमारे दीड लाख कामगार संपावर राहिले. मार्च १९२९ मध्ये सरकारने डांगे, मिरजकर, जोगळेकर आणि गिरणी कामगार युनियनचे अध्यक्ष, स्वतः गिरणी कामगार असलेले अर्जुन आळवे यांना मीरत कटाच्या खटल्यासाठी पकडले. मधल्यामध्ये हस्तगत केलेली पत्रे आणि पोलिसांनी टिपलेली भाषणे पुराव्यात आली. असंतोषाचे मूळ सरकार परक्यांच्या कारस्थानात शोधीत होते.

खेळाची रीत हीच आहे. तिथे शत्रूचा हेर बंड पेटवितो. पण तिसरा कारखाना गळ्यात पडला म्हणून कोणतीही वसाहत कुरकुरत नाही. मजुरी, पाळी, रजा यांना त्या हिशेबात रकानाच नाही.

मुलांनी हे खेळ अवश्य खेळावेत. मर्यादित उत्पन्नाची वाटणी किती अवघड असते, हे त्यांतून चांगले कळते. मात्र दोनाचे तीन करताना, तो तिसरा कारखाना कोणाच्या अंगावर पडला आणि त्याला कोणी विचारले होते काय, एवढे मोठ्यांनी त्यांना जरूर विचारावे. कामाचा बोजा ठरविताना कामगाराला विचारात घ्या, ही मागणी आपण आजही करीत आहोत.