बंपरच्या कडा

खडीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा बंपर पुन्हा रंगायला आला की मी त्याचा दर्शनी भाग आधी बघत नाही. तो उलटा करून खालची कड बघते, मग बोल्टची भोकं, मग दोन पत्रे वेल्डिंगनं जोडलेला आतला कोपरा. रंग सुटलेला असतो तो बहुतेक वेळा याच तीन जागी. समोरचा सपाट पत्रा, ज्याच्यावर सगळे दगड बसतात असं गाडीवाल्याला वाटतं, तो दोन-चार टवके सोडले तर धड असतो.

मी रसायनशास्त्राची पदवीधर. नगरच्या (अहिल्यानगर) नागापूर एमआयडीसीत पावडर कोटिंगचं जॉबवर्क करणाऱ्या एका शेडमध्ये धुलाईच्या टाक्या आणि तपासणी माझ्याकडे आहे. रोजचं काम कपाटांचं, पंपांच्या भागांचं, शेतीच्या अवजारांचं. त्यात अधूनमधून थार, गुरखा, जिम्नी किंवा जुन्या एमएम ५४० जीपचे लोखंडी बंपर येतात. ते आणणारे लोक गाडीवर जीव लावणारे असतात, आणि त्यांचे प्रश्न दोनच: "ताई, पावडर कोणत्या कंपनीची?" आणि "जरा जाड बसेल ना?" बंपर कशानं धुणार, हे कोणी विचारत नाही. खरं तर त्याचं आयुष्य तिथंच ठरतं.

पावडर कोटिंग म्हणजे काय, ते आधी सांगते. यात थिनर नसतो. राळ, रंगद्रव्य आणि पक्कं करणारं रसायन यांची मैद्यासारखी बारीक पूड गनमधून उडते. गनच्या टोकाशी कित्येक हजार व्होल्टचा दाब असतो. भारित झालेले कण अर्थिंग दिलेल्या लोखंडाला चिकटतात. मग तो भाग भट्टीत जातो. साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला पूड वितळते, पसरते आणि रासायनिक क्रियेनं कायमची घट्ट होते. पुन्हा तापवली तरी वितळत नाही. तयार थर ६० ते ८० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीएवढा. जर्मनीत एर्विन गेमर यांनी १९५०च्या दशकात तापवलेला भाग पुडीत बुडवून हे तंत्र सुरू केलं, विजेच्या भारानं फवारणी १९६०च्या दशकात आली.

आता कडा. पूड वितळली की ती द्रव होते, आणि द्रव धारदार कडेवर थांबत नाही. पृष्ठताणामुळं दोन्ही बाजूंना मागं सरतो. सपाट पत्र्यावर ८० मायक्रॉन मोजले तरी धारेवर त्याच्या निम्म्याहूनही कमी उरतात. चिखल घासतो तो नेमका तिथंच. उपाय गनमध्ये नाही, ग्राइंडरमध्ये आहे: फॅब्रिकेशन झाल्यावर प्रत्येक कडेला निदान दोन मिलिमीटरची गोलाई द्यायला हवी. मोठ्या लोखंडी बांधकामांच्या रंगकामात हा नेम पाळतात. बंपर बनवणारे बहुतेक लोक पत्रा कापतात, वेल्डिंग करतात आणि तशीच धार ठेवून पाठवतात.

लेझरनं कापलेल्या कडेत आणखी एक खोट दडलेली असते. ऑक्सिजन वापरून कापलं की कापलेल्या जागी ऑक्साइडचा काळसर पापुद्रा तयार होतो. रंग त्या पापुद्र्याला घट्ट धरतो, पण पापुद्रा लोखंडाला धरत नाही. एक दगड बसला की दोघं मिळून सुटतात, आणि लोकांना वाटतं पावडर खराब होती. नायट्रोजननं कापलं तर हा पापुद्रा येत नाही. नाहीतर तो घासून किंवा शॉट ब्लास्टिंग करून काढावा लागतो. तुमच्या बंपरवरचा रंग कापलेल्या रेषेवरून लांब पट्टीसारखा सोलला जात असेल, तर कारण बहुधा हेच.

आतल्या कोपऱ्यात अडचण वेगळी असते. विजेच्या रेषा बाहेरच्या पृष्ठभागावरच थांबतात, खोलगट भागात शिरत नाहीत. याला फॅरडे केज म्हणतात. म्हणून चांगला कारागीर आधी कोपऱ्यात कमी व्होल्टेजनं, हवा कमी करून मारतो आणि सपाट भाग शेवटी घेतो. हुकवर जुन्या पावडरचे थर चढलेले असले तर अर्थिंगच मिळत नाही, मग हात कितीही बसलेला असला तरी थर पातळ राहतो. आमच्याकडे हुक जाळून साफ करण्याचा वार ठरलेला आहे आणि तो चुकला की मी लाइन सुरू करू देत नाही.

आणि पाणी. आमच्या धंद्यात 'सेव्हन टँक' म्हणतात ती पद्धत अशी: तेल काढणं, धुणं, आम्लानं गंज काढणं, धुणं, झिंक फॉस्फेटचे बारीक स्फटिक बसवणं, पुन्हा धुणं, शेवटी पॅसिव्हेशन. फॉस्फेटचा तो करडा थर रंगाला पकड देतो आणि टवका उडाल्यावर गंज बाजूला पसरू देत नाही. यात धुण्याला कोणी महत्त्व देत नाही, आणि नगरमध्ये तेच महत्त्वाचं. शहराला मुळा धरणाचं पाणी आहे, पण उन्हाळ्यात टँकर येतो तो बोअरचा. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. पातेल्यात उकळलं की तळाला पांढरा थर धरतं. तेच क्षार बंपर वाळल्यावर पत्र्यावर राहतात आणि वरून पावडर बसते. पावडरचा थर पाण्याच्या वाफेला पूर्णपणे अडवत नाही. खाली मीठ असलं की ते ओलावा आत ओढून घेतं, आणि पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात बारीक फोड येतात. दगड बसलेला नसतो, ओरखडाही नसतो. शेवटचं धुणं क्षार काढलेल्या पाण्याचंच हवं. मी त्या पाण्याची वाहकता मीटरवर बघितल्याशिवाय माल पुढं सोडत नाही.

भट्टीतही फसगत होते. बाहेरचा आकडा हवेचं तापमान दाखवतो, लोखंडाचं नाही. बंपरचा पत्रा दोन-तीन मिलिमीटरचा, पण विंच बसवायची पाटी आणि चॅसीला जोडणारे ब्रॅकेट त्याहून खूप जाड. पत्रा पटकन तापतो, पाटी मागं राहते. तिथली पावडर गुळगुळीत दिसते, पण कच्ची असते, आणि बोल्ट आवळल्याबरोबर तडकते. तपास सोपा आहे. तीव्र थिनरमध्ये भिजवलेला कापूस न दिसणाऱ्या जागी जोरानं घासायचा. कापसावर ठळक रंग उतरला किंवा चकाकी मऊ पडली तर भाजणी अपुरी. माल ताब्यात घेताना कोणीही हे करून बघावं, कारखान्यानं नाक मुरडू नये.

जाड थराचा हट्ट मात्र सोडावा. एकावर एक थर चढवले की पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो आणि दगडाच्या मारानं तुकडे मोठे उडतात. पैसे खर्चायचेच असतील तर खाली जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलिस्टर घ्या. टवका उडाला तरी जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. नुसती इपॉक्सी पावडर उन्हात टिकत नाही; काही महिन्यांत चकाकी जाऊन हाताला पांढरी भुकटी लागते. सध्या सगळ्यांना खरखरीत काळा, टेक्स्चर फिनिश हवा असतो. दिसतो देखणा, पण त्यातल्या खळग्यांत थर पातळ असतो आणि चिखल धरून राहतो. प्रायमरशिवाय तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आमचा जिल्हा या रंगाची सगळ्या बाजूंनी परीक्षा घेतो. नगर शहरात वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस; पश्चिमेला अकोले तालुक्यात, घाटघर-रतनवाडीकडे, तो कित्येक हजारांत जातो. भंडारदऱ्याला काजवे बघायला येणाऱ्या आणि सांदण दरीसाठी साम्रदला जाणाऱ्या लोकांना फिरवणाऱ्या जीपगाड्या चार महिने वाळतच नाहीत. राहुरी-श्रीरामपूरच्या उसाच्या पट्ट्यात काळी माती बंपरच्या पोकळीत भरते आणि दिवसेंदिवस ओल धरून बसते. मागं खताची पोती टाकली असतील तर आणखी वाईट. लाल पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि क्लोराइडइतकं लोखंडाला काही लागत नाही. सुट्टीत हीच गाडी माळशेज उतरून समुद्रावर जाते, वाळूत शिरते, खारं पाणी घेऊन परत येते. प्रयोगशाळेत ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा ३५ अंशांना शेकडो तास मारतात, थरावर फुली कोरून गंज किती सरकला ते मोजतात. त्या तासांचं वर्षांत रूपांतर करता येत नाही, तरी दोन कारखान्यांचं काम शेजारी ठेवून बघायला ही चाचणी उत्तम. अहवाल मागा.

एक गोष्ट मात्र रंगाहून मोठी आहे. पुढं लावलेले पाइपचे बुलबार, क्रॅश गार्ड मी रंगायला घेऊ देत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना कळवलं की ते मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं उल्लंघन आहे. धडकेचा जोर ते थेट चॅसीवर नेतात, एअरबॅगच्या वेळेत गडबड करू शकतात, आणि पायी चालणाऱ्याला त्यांचा मार जास्त लागतो. आमच्या रस्त्यांवर ऊसतोडीची माणसं पहाटे अंधारात चालत असतात.

बंपर घेताना खालच्या बाजूला पाणी निघायची भोकं आहेत का बघा, आणि ती रंगायच्या आधी पाडलेली असली पाहिजेत. नंतर ड्रिलनं पाडलेलं भोक म्हणजे उघडं लोखंड. बोल्टखाली नायलॉनचा वॉशर घाला. चिखल वाळायच्या आत धुवा, पण प्रेशरची धार टवक्याच्या कडेवर जवळून मारू नका. पाणी थराखाली घुसतं. टवका दिसला की गोड्या पाण्यानं धुऊन वाळवा, कडा बारीक पॉलिश पेपरनं उतरत्या करा, जस्ताचा प्रायमर ब्रशनं लावा, वर काळा रंग. हे त्याच आठवड्यात केलं तर पंधरा मिनिटांचं काम आहे. पावसाळाभर तसंच ठेवलं तर गंज थराखालून सरकतो, आणि मग जुना रंग पूर्ण काढून, ब्लास्टिंग करून, सगळ्या टाक्यांतून बंपर पुन्हा न्यावा लागतो. त्या वेळी मात्र ग्राइंडरवाल्याला आधी सांगा: कडा गोल कर.