घरातले तळे : लेखांक ९
दगडासाठी भांडणारे मासे

गेल्या आठवड्यात गप्पी, मोली अशा मिळूनमिसळून राहणाऱ्या माशांची ओळख झाली. आज नेमके उलट्या स्वभावाचे, निळेजर्द आणि पिवळेधमक सिक्लिड. दुकानात दोन-दोन इंचांची पिल्ले गुण्यागोविंदाने फिरत असतात. आपण हौसेने चार रंगांची चार आणतो आणि काही महिन्यांत टाकीत एकच उरतो. ‘जातच मारकुटी’ म्हणून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही.

यातले बरेचसे मासे आफ्रिकेतल्या मालावी सरोवराच्या खडकाळ काठाचे. खडकावरचे शेवाळ हे त्यांचे अन्न, कपार हे घर, आणि मादीला बोलवायचे तेही तिथेच. शेताच्या बांधावरून भावकीत जुंपते, तसलेच हे भांडण. रंगसुद्धा त्यातलाच. यांच्यातल्या ऑराटस या जातीचे पिल्लू पिवळे, अंगावर काळे पट्टे. नर वयात येऊन जागा बळकावतो, तेव्हा काळा पडतो आणि अंगावर फिकट निळा पट्टा उमटतो. दबलेला नर मात्र कित्येकदा मादीच्याच रंगात राहतो. टाकीत कोणाची सत्ता आहे, हे असे रंगावरून कळते.

म्हणून टाकी किमान चार फुटी, अडीचशे लिटरच्या आसपास हवी. मासे चार नकोत, पंधरा-वीस हवेत. एका नरामागे तीन-चार माद्या. गर्दीत मार वाटला जातो, एकाच्याच जिवावर बेतत नाही. गर्दी म्हणजे घाणही जास्त, तेव्हा फिल्टर दणकट हवा आणि दर आठवड्याला पाव ते तृतीयांश पाणी बदलायला हवे. नवा मासा सोडताना आधी सगळे दगड हलवावेत. जुन्या मालकांच्या हद्दी पुसल्या जातात आणि नवा-जुना सगळ्यांनाच घर नव्याने शोधावे लागते.

दगड आपल्या मावळात हवे तेवढे. काळा पाषाण पाण्यात काही सोडत नाही, खुशाल वापरावा. फक्त रास वाळूवर रचू नये. हे मासे वाळू उकरतात, रास ढासळते आणि काच फुटते. आधी तळाशी थर्माकोलचा पातळ थर, त्यावर दगड, मग भोवती वाळू.

पण याच पाषाणामुळे आपली एक अडचण होते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो या खडकावरून वाहत तळ्यात येतो, तेव्हा त्यात क्षार फारसे उतरत नाहीत. मालावीच्या माशांना लागते जड, अल्कधर्मी पाणी, पीएच ७.८ ते ८.६. नळाच्या मऊ पाण्यात पीएच हळूहळू घसरतो, मासे मलूल होतात आणि आपण औषधे ओतत बसतो. फिल्टरमध्ये पोवळ्याचा चुरा किंवा शिंपल्यांचे तुकडे घातले, तर पाणी सावरते. ज्यांच्याकडे बोअरचे जड पाणी आहे, त्यांचे काम निम्मे झालेच. थंडीत हीटर पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवावा.

सगळे जमले की पिल्लांचा प्रश्न येतो. मादी अंडी तोंडात धरते आणि जवळपास तीन आठवडे जवळजवळ उपाशी राहते. गालफड फुगलेली मादी कोपऱ्यात गप्प उभी दिसली, तर तिला वेगळ्या टाकीत हलवावे. तोंडातून सुटलेली पिल्ले पोसली, तर वर्षभरात टाकी पुरत नाही. मग कोणी ती इंद्रायणीत नाहीतर पवनेत सोडून येतो आणि त्याला ते पुण्याचे काम वाटते.

असे करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. बाजारात चिलापी म्हणून मिळणारा तिलापिया याच सिक्लिड कुळातला. १९५२ साली तो भारतात आणला गेला आणि आज उजनीच्या जाळ्यांत तोच भरून येतो. सिक्लिड अंडी-पिल्ले जिवापाड राखतात आणि इतरांची खातात, त्यामुळे नव्या पाण्यात ते झपाट्याने जम बसवतात. धोका असतो तो इथल्या नद्यांतल्या महासीरसारख्या मूळच्या माशांना. या महासीरची एक जात १८३९ साली साइक्स या ब्रिटिश अभ्यासकाने आपल्या मुळा-मुठेतूनच जगाला कळवली. तिच्या पैदाशीसाठी वळवणला टाटांचे केंद्र १९७०च्या दशकापासून खपते आहे. जास्तीची पिल्ले दुकानदाराला परत द्या, बहुतेक जण घेतात. नाही घेतली, तर नर आणि माद्या वेगळ्या टाक्यांत ठेवा.

पुढच्या लेखांकात : पावसाळ्यात वीज गेली की टाकी कशी सांभाळायची.