रक्ताच्या पिशवीतले जीवाणू

भारतात दात्याच्या रक्ताच्या एचआयव्ही, ब आणि क कावीळ, सिफिलिस व मलेरिया या तपासण्या सक्तीच्या आहेत. जीवाणूंसाठी मात्र प्रत्येक पिशवी तपासली जात नाही. त्यांना अडवायचे ते दात्याच्या कोपरापाशीच.

गोव्यात पेडण्यात असो वा डिचोलीत, शिबिरात शीर चाचपून झाली की कातडी जंतुनाशकाने तीस सेकंद घासायची आणि आपसूक सुकू द्यायची. सुकण्याआधी सुई टोचली किंवा पुसलेल्या जागी पुन्हा बोट लागले, तर सगळे वाया. पावसाळी दमट हवेत सुकायला वेळ लागतो. रांग लांबली की नेमके हेच सेकंद कापले जाण्याची भीती. शिवाय कातडीच्या खोल थरातल्या स्टॅफिलोकोकसपर्यंत जंतुनाशक पोचत नाही आणि सुई कातडीचा कण आत नेते. म्हणून काही पिशव्यांना छोटी जोडपिशवी असते. सुरुवातीचे वीस-तीस मिलिलिटर रक्त तिच्यात वळवून तपासणीला वापरतात. ही सोय प्रत्येक शिबिरात हवी.

तांबड्या पेशी 2 ते 6 अंशांत ठेवतात. त्या थंडीत बहुतेक जीवाणू वाढत नाहीत, येर्सिनिया वाढतो. तो आतड्यातून रक्तात येतो, म्हणून अलीकडे जुलाब झाले होते का, हे दात्याला विचारायलाच हवे. प्लेटलेट्सचा धोका याहून मोठा. त्या 20 ते 24 अंशांत, सतत हलवत, पाच दिवसांपर्यंत ठेवतात, आणि ही ऊब जीवाणूंनाही मानवते. पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण म्हापसा, बांबोळीच्या रुग्णालयांत येतात आणि प्लेटलेट्सची मागणी वाढते. रक्तस्राव नसताना निव्वळ आकडा उतरला म्हणून त्या चढवणे हा विनाकारण पत्करलेला धोका आहे.

तांबड्या पेशींची पिशवी फ्रीजबाहेर अर्ध्या तासाहून जास्त राहिली तर परत साठ्यात ठेवत नाहीत. चढवणे चार तासांत संपवावे लागते. पहिली पंधरा मिनिटे परिचारिकेने रुग्णापाशीच थांबावे. हुडहुडी, ताप, रक्तदाब घसरणे यांतले काहीही दिसताच रक्त थांबवायचे, शीर सलाइनवर चालू ठेवायची आणि पिशवी नळीसकट रक्तपेढीत पाठवायची. पिशवीतले आणि रुग्णाचे, दोन्ही रक्त कल्चरला जाते. प्रतिजैविके अहवालाची वाट न पाहता सुरू होतात. अशा प्रतिक्रियांची राष्ट्रीय नोंद 2012 पासून हिमोव्हिजिलन्स कार्यक्रमात होते.

एका दात्याच्या रक्तातून तांबड्या पेशी, प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा वेगळे होऊन वेगवेगळ्या रुग्णांना जातात. एका पिशवीवर संशय आला, की त्याच क्रमांकाच्या बाकीच्या पिशव्या त्याच घटकेला शोधून थांबवाव्या लागतात.